वाळू आणि विमान
वाळवंटातील लढाऊ विमानांची निगा राखणाऱ्या पथकांची कहाणी व तिच्यामागील विज्ञान

काशीस गेलेल्या यात्रेकरूला दशाश्वमेध घाटाच्या पायरीवर उभे राहिले म्हणजे समोर एक विलक्षण दृश्य दिसते. गंगेच्या पश्चिम तीरावर घाट, देवळे आणि उंच हवेल्या यांची दाटी. पूर्व तीरावर मात्र नुसती पांढरी वाळू. पावसाळ्यात हे वाळूचे मैदान पुराखाली जाते व पाणी ओसरल्यावर पुन्हा उघडे पडते. वैशाख-ज्येष्ठात ‘लू’ वाहू लागली की त्या बाजूची धूळ नदी ओलांडून शहरात शिरते. दारे-खिडक्या लावून घेतल्या तरी पोथ्यांवर आणि भांड्यांवर तिचा पातळ थर बसतोच. गल्लीतील घड्याळजी अशा दिवशी उघडलेले घड्याळ काचेच्या झाकणाखाली ठेवतो, कारण धुळीचा एकच कण घड्याळाचे चाक अडवू शकतो हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

आता घड्याळाच्या जागी हजार अश्वशक्तीचे इंजिन कल्पावे, गल्लीच्या जागी शेकडो मैलांचे वाळवंट, आणि घड्याळजीच्या जागी उघड्यावर काम करणारे दहा-वीस कारागीर. घड्याळ बंद पडले तर वेळ कळत नाही, एवढेच. हे इंजिन हवेत बंद पडले तर माणूस मरतो, आणि ते वेळेवर सुरू झाले नाही तर त्याची वाट पाहणारी एखादी ठाणी हातची जाते. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत, आणि पुढे १९७१ साली राजस्थानात, हाच प्रश्न जमिनीवरील पथकांपुढे उभा होता. तो त्यांनी कसा सोडविला, ते या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

१. वाळू निराळी, धूळ निराळी

सामान्य बोलण्यात आपण वाळू आणि धूळ यांत फारसा भेद करीत नाही. विज्ञानाला मात्र तो करावा लागतो. ज्या कणाचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे सोळाव्या भागापेक्षा मोठा, पण दोन मिलिमीटरपेक्षा लहान, तो वाळूचा कण होय. त्याहून बारीक कणांना गाळाचे किंवा धुळीचे कण म्हणतात.

हा भेद केवळ नावापुरता नाही. राल्फ बॅगनोल्ड या ब्रिटिश सैनिकी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात अनेक वर्षे प्रवास केला, पुढे वातनलिकेत प्रयोग केले आणि १९४१ साली वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वाळूचे कण वाऱ्याबरोबर उडत नाहीत, तर उड्या मारीत जातात, असे त्याने दाखविले. एक कण उसळतो, थोडे अंतर जाऊन खाली आदळतो आणि त्या आघाताने दुसऱ्या कणांना उडवितो. त्यामुळे वाहती वाळू बहुधा माणसाच्या कमरेच्या किंवा डोक्याच्या उंचीच्या वर जात नाही. धूळ मात्र हलकी असल्यामुळे वाऱ्याच्या भोवऱ्यात तरंगत राहते आणि हजारो फूट उंच चढते.

विमानाच्या दृष्टीने या शोधाचा अर्थ असा, की त्याला एक नव्हे, दोन शत्रू आहेत. जमिनीलगतची वाळू चाके, ब्रेक, बिजागऱ्या आणि तोफांची तोंडे यांवर हल्ला करते. तरंगती धूळ इंजिनाच्या पोटात शिरते. पहिल्या शत्रूला आच्छादनाने थोपविता येते. दुसऱ्याला थोपविणे कठीण, कारण इंजिनाला हवा हवीच असते आणि धूळ त्या हवेतच असते.

वाळूचा मुख्य घटक गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, होय. खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी मोहस या शास्त्रज्ञाची एक ते दहा अंकांची श्रेणी वापरतात. तिच्यात हिरा दहाव्या स्थानी आहे आणि क्वार्ट्झ सातव्या. साधी काच साडेपाचच्या आसपास येते व ॲल्युमिनियम तिनाच्याही खाली. जो पदार्थ अधिक कठीण, तो दुसऱ्यावर ओरखडा काढतो. इंजिनातील दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. त्याच्या व नळकांड्याच्या मधला तेलाचा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो. अशा ठिकाणी क्वार्ट्झचा कण शिरला म्हणजे तो कानशीसारखे काम करतो.

२. इंजिनाचा श्वास

हरिकेन आणि स्पिटफायर या लढाऊ विमानांत ‘मर्लिन’ नावाचे बारा नळकांड्यांचे इंजिन असे. त्याच्या नळकांड्यांची एकूण धारणा २७ लिटर होती. उड्डाणाच्या वेळी ते मिनिटाला ३,००० फेरे घेई. अशा चार-धावी इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा नळकांडी भरतात. म्हणजे मिनिटाला १,५०० वेळा २७ लिटर, अर्थात सुमारे ४०,५०० लिटर. दर मिनिटाला चाळीस घनमीटर हवा झाली. इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असल्याने प्रत्यक्षात शोषली जाणारी हवा याहून अधिकच होती.

आता समजा, धुळीच्या वादळात दर घनमीटर हवेत एक ग्रॅम धूळ आहे. मग इंजिन मिनिटाला चाळीस ग्रॅम धूळ गिळील. धावपट्टीकडे जाणे, इंजिन तपासणे आणि उड्डाण यांत पाच मिनिटे गेली, तर दोनशे ग्रॅम, म्हणजे मूठभर धूळ एका उड्डाणापूर्वीच आत गेली. वाळवंटात धावपट्टी म्हणजे बहुधा सपाट केलेली माती असे, आणि पुढच्या विमानाच्या पंख्याने उडविलेला लोट मागच्या विमानाला खावा लागे. वादळ नसतानाही वादळाची स्थिती विमाने स्वतःच निर्माण करीत. म्हणून जेथे जागा असे तेथे ती एकामागून एक न सोडता शेजारी-शेजारी उभी करून एकदमच सोडीत.

झोतइंजिनाची भूक तर याहून कितीतरी मोठी. भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानातील ‘एव्हन’ इंजिन पूर्ण शक्तीवर दर सेकंदाला पन्नास घनमीटरांहून अधिक हवा घेई. मर्लिन मिनिटात जेवढी हवा घेई, तेवढी एव्हन एका सेकंदाच्या आत घेई. एवढ्या प्रवाहापुढे बारीक गाळणी बसविली तर इंजिनच गुदमरेल. म्हणून झोतविमानांच्या बाबतीत गाळणीचे काम माणसांना करावे लागते. धावपट्टी झाडून स्वच्छ ठेवणे, खडा किंवा सुटलेला खिळा दिसताच उचलणे, आणि विमान उभे असताना इंजिनाचे तोंड आच्छादनाने बंद ठेवणे, ही कामे वरकरणी झाडूवाल्याची वाटतात. पण इंजिनाचे आयुष्य त्यांवरच अवलंबून असते.

३. गाळणीची किंमत

सप्टेंबर १९४० मध्ये इटलीच्या फौजा इजिप्तमध्ये शिरल्या. तेव्हापासून मे १९४३ पर्यंत उत्तर आफ्रिकेत युद्ध चालू होते. भारताची चौथी पायदळ डिव्हिजन या युद्धात दीर्घकाळ लढली. तिच्या माथ्यावर जी लढाऊ विमाने उडत, त्यांच्या नाकाखाली एक मोठी, बेडौल हनुवटी दिसे. ती ‘व्होक्स’ नावाची हवेची गाळणी होती. हवा तिच्यातील घड्यांच्या पडद्यांतून जाई आणि धूळ मागे राही.

परंतु निसर्ग काही फुकट देत नाही. गाळणीमुळे हवेला अडथळा होऊन इंजिनाची शक्ती घटली, आणि तिच्या आकारामुळे विमानाला होणारा वाऱ्याचा विरोध वाढला. विमानाचा वेग ताशी काही मैलांनी उतरला. शांततेच्या काळात ही उणीव कोणाच्या लक्षातही आली नसती. पण जर्मन मेसरश्मिट विमानाशी गाठ पडल्यावर तेच काही मैल जगणे आणि मरणे यांतील अंतर ठरत. गाळणी काढावी तर इंजिन लवकर झिजते, ठेवावी तर विमान मंदावते, असा हा पेच होता.

या पेचातून एक वाट काढली ती दूरच्या प्रयोगशाळेने नव्हे, तर अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर येथे असलेल्या ब्रिटिश हवाई दलाच्या दुरुस्ती-कार्यशाळेने. तेथील कारागिरांनी लहान, सुटसुटीत आणि हवेला कमी विरोध करणारी गाळणी तयार केली. ती ‘अबुकीर गाळणी’ म्हणूनच प्रसिद्ध झाली व अनेक स्पिटफायर विमानांवर बसविली गेली. जो माणूस रोज इंजिन उघडतो, त्याला त्याचे दुखणे आराखडा काढणाऱ्यापेक्षाही कधी कधी अधिक नेमके कळते, हा धडा या उदाहरणातून घेण्यासारखा आहे.

४. इंधन, पाणी आणि उष्णता

वाळवंटातील युद्धाच्या पहिल्या काळात ब्रिटिश बाजूचे पेट्रोल चार गॅलनांच्या, म्हणजे सुमारे अठरा लिटरांच्या, पातळ पत्र्याच्या डब्यांतून येई. खडबडीत रस्त्यावर हे डबे फुटत व गळत. जर्मनांचे वीस लिटरांचे मजबूत डबे हाती लागले तेव्हा त्यांची श्रेष्ठता सर्वांना पटली आणि पुढे तशाच डब्यांचा सर्वत्र प्रसार झाला. एका विमानाची टाकी भरण्यासाठी असे वीस-पंचवीस डबे एकेक करून हाताने ओतावे लागत.

डब्यातून पेट्रोलाबरोबर वाळू, गंज आणि पाणीही येई. म्हणून नरसाळ्यावर शॅमॉय नावाचे मऊ कातडे ताणून त्यातून पेट्रोल गाळीत. हे कातडे एकदा पेट्रोलाने भिजले की त्यातून पेट्रोल सहज जाते, पण पाण्याचे थेंब वरच राहतात. पाण्याची भीती का, असे कोणी विचारील. पाणी पेट्रोलापेक्षा जड असल्याने ते टाकीच्या तळाशी साठते, आणि इंजिनाकडे जाणारी नळीही तेथूनच निघते. उड्डाणाच्या क्षणी त्या नळीत पाणी आले तर इंजिन एकाएकी बंद पडते. वाळवंटात दिवस तप्त आणि रात्र गार असते. अर्धवट रिकाम्या टाकीतील हवेतली वाफ रात्री थंड होऊन तिचे दव आतल्या बाजूस धरते. याकरिता टाक्या शक्य तर संध्याकाळीच भरून ठेवीत आणि सकाळी तळाची तोटी उघडून थोडे इंधन बाहेर काढून पाहात.

भरलेल्या टाकीचाही एक धोका असे. तापमान एका सेल्सिअस अंशाने वाढले की पेट्रोल आपल्या आकारमानाच्या सुमारे हजाराव्या भागाने फुगते. पहाटेच्या थंडीत काठोकाठ भरलेले हजार लिटर पेट्रोल दुपारपर्यंत तीस अंशांनी तापले, तर सुमारे तीस लिटर अधिक जागा मागेल आणि ती न मिळाल्यास बाहेर सांडेल. म्हणून भरताना वर थोडी जागा सोडावी लागते. चाकांतील हवेचेही तसेच. १५ अंशांवर भरलेले चाक ४५ अंशांवर गेले की त्यातील दाब सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो.

कोरड्या वाऱ्यात वाळूचे कण एकमेकांवर आणि विमानाच्या अंगावर घासून विजेचा भार निर्माण करतात. अशा वेळी इंधन भरताना एक ठिणगी पुरे. म्हणून टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी विमान तारेने जमिनीशी जोडणे, हा नियम कितीही घाई असली तरी मोडायचा नसतो.

५. वंगणाचा उलटा गुण

यंत्राला तेल द्यावे म्हणजे ते नीट चालते, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. वाळवंटात मात्र उघड्या भागांवर दिलेले तेल धूळ धरून ठेवते, आणि तेल व क्वार्ट्झ यांचा लगदा म्हणजे भिंगे घासण्यासाठी वापरतात तसे उत्तम घर्षणद्रव्य होय. म्हणून शस्त्रे सांभाळणारे कारागीर तोफांच्या उघड्या भागांवरील तेल शक्य तेवढे पुसून काढीत आणि नळीच्या तोंडावर कापडाचा तुकडा चिकटवीत. पहिलीच गोळी ते कापड फाडून बाहेर पडे. तोवर धूळ बाहेरच राही.

इंधने आणि वंगणे यांच्या या प्रश्नाशी वाराणसीचाही एक संबंध आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयात १९२१ मध्ये शांतिस्वरूप भटनागर हे तरुण रसायनशास्त्रज्ञ प्राध्यापक म्हणून आले. तेथे तीन वर्षे काम करून ते लाहोरला गेले. लाहोरास असताना तेलविहिरी खोदणाऱ्या एका कंपनीने त्यांच्यापुढे एक अडचण मांडली. खोदताना वापरावयाचा चिखल भूगर्भातील खाऱ्या पाण्याशी संबंध येताच घट्ट होऊन बसे व काम थांबे. भटनागरांनी त्यात भारतीय डिंक मिसळून चिखल प्रवाही ठेवण्याची युक्ती सुचविली. द्रवात तरंगणारे सूक्ष्म कण कधी सुटे राहतात आणि कधी एकत्र येऊन घट्ट होतात, याच्या शास्त्राचा तो उपयोग होता.

२६ सप्टेंबर १९४२ रोजी, युद्ध ऐन भरात असताना, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली आणि तिची धुरा भटनागरांकडे आली. बाहेरचा माल येणे कठीण झालेल्या त्या काळात वनस्पतिजन्य तेलांच्या मिश्रणाची इंधने व वंगणे, विषारी वायूपासून बचाव करणारे कापड, आणि आपटले तरी न फुटणारे डबे यांवर परिषदेच्या आरंभीच्या काळात काम झाले. युद्धातील विज्ञान म्हणजे केवळ स्फोटके नव्हेत. न गळणारा डबा आणि न जळणारे वंगण हेही विज्ञानच होय.

६. कामाची वाटणी आणि सही

एका विमानामागे एकच ‘मेकॅनिक’ असतो, ही समजूत चुकीची आहे. फिटर इंजिन पाहतो. रिगर पंख, शेपूट, चाके आणि त्यांना हलविणाऱ्या तारा पाहतो. शस्त्र-कारागीर तोफा व बाँब सांभाळतो. विजेचा कारागीर, बिनतारी यंत्राचा कारागीर, उपकरणे तपासणारा, प्राणवायूच्या नळ्या भरणारा, असे आणखी अनेक हात त्यामागे असतात. याखेरीज मोटारचालक, भांडारी आणि आचारी हेही पथकाचाच भाग होत.

उत्तर आफ्रिकेत सैन्य कधी शेकडो मैल पुढे जाई, कधी तितकेच मागे येई. विमानांना त्याच्याबरोबर राहावे लागे. यासाठी पथकाचे दोन भाग करीत. एक भाग मागच्या तळावरून विमाने उडवीत राही, तर दुसरा ट्रकांनी पुढे जाऊन नवा तळ तयार करी. विमाने पुढच्या तळावर उतरली की मागचा भाग सामान आवरून त्यांना ओलांडून आणखी पुढे जाई. मुले खेळात एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारतात, तशी ही चाल होती. पाणी माणशी दिवसाला सुमारे एक गॅलन किंवा त्याहून कमी मिळे. त्यातच पिणे, स्वयंपाक आणि धुणे उरकावे लागे. दुपारी विमानाचा पत्रा इतका तापे की उघड्या हाताने त्याला स्पर्श करवत नसे, म्हणून जड कामे पहाटे व संध्याकाळी करीत. सुटे भाग वेळेवर न आल्यास निकामी झालेल्या विमानाचे चांगले भाग काढून दुसऱ्याला बसवीत. अशा रीतीने तीन मोडक्या विमानांतून दोन उडणारी उभी राहात.

वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक छत्र हा आणखी एक काळजीचा विषय. ते काचेपेक्षा मऊ पदार्थाचे असते. कोरड्या फडक्याने धूळ पुसली तर त्यावर ओरखडे उमटतात, आणि सूर्याकडे पाहताना ओरखडा आणि दूरचे शत्रूचे विमान यांतला फरक कळत नाही. म्हणून आधी धूळ झटकून किंवा थोड्या पाण्याने वाहवून मगच ते पुसावयाचे. ज्या तळावर प्यायला पाणी मोजून मिळते, तेथेही या कामासाठी थोडे पाणी राखून ठेवावे लागे.

या सर्व कामांना एका सूत्रात बांधणारी वस्तू म्हणजे एक नोंदवही. ब्रिटिश हवाई दलात तिला ‘फॉर्म ७००’ म्हणत आणि भारतीय हवाई दलातही तेच नाव रूढ झाले. प्रत्येक कारागीर आपले काम पुरे झाल्यावर तिच्यात सही करतो. शेवटी वैमानिक ती वाचून सही करतो आणि विमान ताब्यात घेतो. या सहीचा अर्थ असा, की हा नट मी घट्ट केला आहे व त्याची जबाबदारी माझी आहे. वैमानिकाला प्रत्येक नट तपासणे शक्य नसते. तो सहीवर विश्वास ठेवून आकाशात जातो.

७. हवाई सिपाही

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ द्रिघ रोड येथे पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. तिच्यात सहा अधिकारी, चार ‘वापिती’ विमाने आणि १९ ‘हवाई सिपाही’ होते. अधिकाऱ्यांपैकी सुब्रोतो मुखर्जी पुढे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. हवाई सिपाही म्हणजे विमानांची निगा राखणारे भारतीय कारागीर. भारतीय माणूस विमान सांभाळू शकेल की नाही, याविषयी त्या काळी अनेक इंग्रजांना शंका होती. सिंधच्या धुळीत आणि पुढे वजिरिस्तानच्या डोंगरांत याच माणसांनी तिला उत्तर दिले.

या परंपरेची कठीण परीक्षा ५ डिसेंबर १९७१ रोजी झाली. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झाले होते. चार तारखेच्या रात्री पाकिस्तानची रणगाड्यांची फौज राजस्थानच्या सीमेवरील लोंगेवाला ठाण्याकडे आली. ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली पंजाब रेजिमेंटच्या २३व्या बटालियनची एक कंपनी, म्हणजे जेमतेम सव्वाशे माणसे होती. मदतीची मुख्य आशा सुमारे शंभर किलोमीटरांवरील जैसलमेरच्या हवाई तळावर होती. तेथे हंटर विमाने हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच होती, आणि रात्री जमिनीवरील लक्ष्यावर हल्ला करण्याची साधने त्यांच्यात नव्हती. ठाण्याने रात्रभर तग धरावयाचा आणि पहिल्या उजेडाबरोबर विमानांनी उडावयाचे, याखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

उजाडताच हंटर विमाने जोडीजोडीने निघाली. उघड्या वाळूत रणगाड्यांना लपण्यास जागा नव्हती. ‘कृषक’ या लहान, निःशस्त्र विमानातून लक्ष्ये दाखविली जात होती. एक जोडी परत येई तो दुसरी निघे, आणि हे दिवसभर चालले. भारतीय नोंदींनुसार त्या लढाईत शत्रूचे तीसहून अधिक रणगाडे निकामी झाले व फौज मागे फिरली.

मोजक्या विमानांनी हे कसे साधले, याचे उत्तर एका साध्या गणितात आहे. डिसेंबरात तेथे दिवसाचा उजेड सुमारे साडेदहा तास, म्हणजे ६३० मिनिटे असतो. समजा, एका फेरीला ४० मिनिटे लागतात. परत आलेले विमान पुन्हा तयार करण्यास ८० मिनिटे लागली, तर एका विमानाच्या दिवसात पाच फेऱ्या होतील. तेच काम २० मिनिटांत झाले, तर दहा फेऱ्या होतील. जमिनीवरील पथकाने वेगाने काम केले की चार विमाने आठ विमानांचे काम करतात. एकही नवे विमान न आणता बळ दुप्पट होते.

हंटरची रचना या वेगाला अनुकूल होती. त्याच्या ३० मिलिमीटरच्या चारही तोफा आणि त्यांचा दारूगोळा एकाच पेटीत बसविलेला असे. रिकामी पेटी दोरांनी खाली उतरवावयाची आणि भरलेली वर चढवावयाची. काही मिनिटांत काम पुरे होई. इंधन वरून न ओतता एकाच जोडणीतून दाबाने भरले जाई. परंतु रचना कितीही चांगली असली तरी पेटी वर चढविणारे हात आधी तयार हवेत. आदल्या रात्री काळोखात भरून ठेवलेल्या पेट्या, झाकून ठेवलेली इंजिने आणि झाडून ठेवलेली धावपट्टी यांवर दुसऱ्या दिवशीचा प्रत्येक मिनिट अवलंबून होता.

त्याच युद्धात जोधपूर व बाडमेरजवळील उत्तरलाई येथून ‘मारुत’ विमाने उडाली. बंगळूरच्या हिंदुस्तान विमान कारखान्यात कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेले हे विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले होते. आपल्याच देशात बनविलेले विमान आपल्याच वाळवंटात सांभाळण्याचा अनुभव पथकांना त्यातून मिळाला.

८. ओझरचा वारसा

नाशिकजवळ ओझर येथे १९६४ साली मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. मिग-२१ चा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापूट येथे आणि विद्युत्-साधने हैदराबादेस, अशी कामाची वाटणी होती. १९७१ च्या युद्धात ही विमाने लढली व पुढे अनेक दशके सेवेत राहिली. २०२५ साली मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले. ओझरलाच हवाई दलाचे मोठे दुरुस्ती केंद्रही आहे. तेथे लढाऊ विमाने पूर्ण उघडून, प्रत्येक भाग तपासून पुन्हा जोडली जातात.

यंत्रे बदलली, पण वाळू तीच आहे. आजच्या इंजिनांतील उष्णता इतकी वाढली आहे की आत गेलेली धूळ वितळते आणि तप्त पात्यांवर काचेसारखा थर धरते. थंड हवा खेळविण्यासाठी पात्यांत ठेवलेली सूक्ष्म छिद्रे त्यामुळे बुजतात. जगातील अनेक प्रयोगशाळा या थराला दाद न देणारी लेपने शोधीत आहेत. काशीच्या घड्याळजीचा प्रश्न अजून संपलेला नाही.

लढाईच्या वर्णनांत वैमानिकांची नावे येतात, आणि ते योग्यच आहे. पेट्या चढविणाऱ्यांची, कातड्यातून पेट्रोल गाळणाऱ्यांची आणि धावपट्टी झाडणाऱ्यांची नावे क्वचितच येतात. त्यांची स्मृती नोंदवहीतील सह्यांत असते. ज्या विमानाला काहीच झाले नाही, त्याच्या वहीत त्या सह्या दिसतात. आणि काहीच न होणे हेच त्यांचे यश असते.

करून पाहा

(१) काचेच्या उंच बरणीत मूठभर माती व पाणी घालून जोराने हलवा आणि स्थिर ठेवा. वाळू काही क्षणांत तळाशी बसते, गाळाला बराच वेळ लागतो आणि अतिसूक्ष्म कणांमुळे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसते. हवेतही असेच घडते.

(२) जुन्या बाटलीच्या काचेवर थोडी कोरडी नदीची वाळू ठेवून लाकडाच्या तुकड्याने घासा. ओरखडे दिसतील. आता वाळूत थोडे तेल मिसळून पुन्हा घासा. तेलामुळे ओरखडे थांबतात काय, ते पाहा.

(३) पारदर्शक बाटलीत गोडे तेल व चार थेंब पाणी घाला. पाणी कोठे साठते ते पाहून टाकीची तोटी तळाशी का असते, ते सांगा. हा प्रयोग पेट्रोल किंवा रॉकेल घेऊन करू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) वाहती वाळू जमिनीलगत राहते आणि धूळ उंच चढते, याचे कारण काय?
(२) गाळणीमुळे इंजिनाचे आयुष्य वाढते, पण वेग घटतो. अशी एकाचा लाभ ती दुसऱ्याची हानी असलेली आणखी दोन यांत्रिक उदाहरणे द्या.
(३) एका विमानाची फेरी ५० मिनिटांची व तयारी ४० मिनिटांची आहे. उजेड ६३० मिनिटे असल्यास किती फेऱ्या होतील? तयारी २० मिनिटांत आटोपली तर किती?
(४) आपल्या गावातील पंप, गिरणी किंवा एस. टी. आगार येथे जाऊन धुळीपासून यंत्रांचे रक्षण कसे करतात, ते तेथील कारागिराला विचारा आणि लिहून काढा.